पुदिन्याच्या वासाची डिस्क

"तासाभराचं काम! पाहुणे यायच्या आत तुमचा कॉम्प्युटर नवाकोरा करून दाखवतो!" जावईबापूंनी जाहीर केलं आणि बाह्या सरसावल्या.

घरातलं कोणी काही बोललं नाही. एक तर त्या दिवशी कोणाला बोलायची इच्छाच नव्हती. आणि दुसरं म्हणजे, जावईबापूंचा तास केवढा असतो हे सगळे जाणून होते.

सासरे जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. संध्याकाळी जवळची माणसं सासूबाईंकडे जमणार होती आणि त्यांना सासऱ्यांचा आवाज ऐकवायचा होता. तो आवाज एका डिस्कवर तेवढा उरला होता: जावईबापूंच्या लग्नात सासऱ्यांनी केलेलं छोटंसं भाषण. टीव्हीशेजारच्या कोऱ्या पाकिटात ती एकच डिस्क होती, दुसरी प्रत नव्हती. प्रत काढायचं काम जावईबापूंनी अंगावर घेतलं होतं, म्हणूनच नव्हती!

या डिस्कला एक खोड होती. सासरे म्हणायचे, "आता माझ्या जावयाबद्दल सांगायचं, तर..." आणि तिथेच डिस्क खर्र् करून अडकायची. मग एकदम टाळ्यांचा कडकडाट! मधलं कोणालाच आठवत नव्हतं. खुद्द सासऱ्यांना विचारलं, तर ते मिशीतल्या मिशीत हसून पेपर वाचायला घ्यायचे. त्या खर्र्च्या जागी जावईबापूंनी काय काय बसवून पाहिलं होतं! जावई नव्हे, मुलगाच. लाखात एक. सासरे तोंडावर कौतुक करणाऱ्यातले नव्हते. पण एवढ्या टाळ्या काय उगाच पडतात?

तर सासऱ्यांचा जुना कॉम्प्युटर वर्षभर बंद पडून होता. मेहुणा म्हणाला, "भंगारात देऊ." ते ऐकून जावईबापूंच्या बायकोचे डोळे भरले. आता जावईबापूंचा स्वभाव असा, की समोरचं माणूस रडायला लागलं की त्यांना चार शब्द सुचत नसत, त्यांचे हात आपोआप स्क्रूड्रायव्हर शोधायला लागत. त्यांनी ऑफिसातून लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीची डिस्क लिहून आणली. जुन्या यंत्राला लिनक्स म्हणजे अमृत, असं ते चहाच्या सुट्टीत ऐकून आले होते.

"अहो, त्या पाकिटावर नाव तरी लिहा," बायको म्हणाली.

"नाव कशाला? आपली वस्तू आपल्याला कळत नाही होय!" असं म्हणत त्यांनी पाकीट टीव्हीशेजारी ठेवलं, बूट काढले, पाकीट उचललं आणि आतल्या खोलीत गेले.

डिस्क घातली. ड्राइव्ह घरघरला, थोडा खोकला आणि गप्प झाला. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली: चालू करण्याजोगी डिस्क घाला.

"घातलीय की रे बाबा!" जावईबापू खेकसले.

त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ड्राइव्हचा नंबर पहिला लावला. तीच ओळ. कॅबिनेट उघडून वायर उपटली, फुंकर मारली, परत खोचली. तीच ओळ! ड्राइव्हच्या आतल्या भिंगावरून कापूस फिरवला. ड्राइव्हला दोन चापट्या दिल्या. शेवटी त्यांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"आधी डिस्क बरोबर आहे का ते बघा," तो म्हणाला.

"अहो, मी स्वतः लिहिलीय!"

"तसं नाही. हीच ती डिस्क का, ते..."

"मला काय शेंबडं पोर समजलात?" त्यांनी फोन आपटला. मग डिस्क उजेडात धरली. हे भलेमोठे चरे! "तरीच! ऑफिसवाले असला माल घेतात आणि वर आम्हाला शहाणपण शिकवतात!"

जावईबापू थेट मोरीत गेले. डिस्क साबणाने धुतली. चरे जाईनात. मग सासूबाईंची पुदिन्याची टूथपेस्ट बोटभर घेऊन त्यांनी डिस्क अशी घासली, की तळाला लागलेलं पातेलंसुद्धा कोणी तसं घासणार नाही! पुसली, घातली. तीच ओळ.

बाहेर माणसं जमली होती. सासूबाई बंद टीव्हीकडे बघत बसल्या होत्या. जावईबापू ती डिस्क हातात घेऊन, पडेल चेहऱ्याने बाहेर आले आणि दारातच उभे राहिले. बायकोने टीव्हीशेजारचं पाकीट उचललं, त्यातली डिस्क प्लेअरमध्ये सरकवली आणि पदर सावरून बसली.

टीव्हीवर अक्षरं आली: ही डिस्क वाचता येत नाही.

तिने काढून पुन्हा घातली. तेच.

"गेला," ती हळूच म्हणाली. "बाबांचा आवाजही गेला." आणि वर्षभर आवरून धरलेलं रडू फुटलं. सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. मेहुण्याने मान फिरवली.

जावईबापूंनी प्लेअरकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या डिस्ककडे. साबण! टूथपेस्ट! ड्राइव्हला दिलेल्या चापट्या! सासऱ्यांचा उरलासुरला आवाज त्यांनी मोरीत घासून धुऊन काढला होता!

"ती... ती बहुतेक ही असेल," ते कसेबसे म्हणाले.

मेहुण्याने डिस्क घेतली आणि नाकाशी धरली. "हिला पुदिन्याचा वास का येतोय?"

"दादा, आधी लाव ना," बायको म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. तो राग असता तर परवडला असता, असं जावईबापूंना वाटलं. त्यांनी डोळे गच्च मिटले.

डिस्क फिरली. आणि मग खाकरण्याचा आवाज आला. तोच! बोलण्याआधी दोनदा खाकरायची सासऱ्यांची सवय!

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. सासरे बोलत होते, पाहुण्यांचे आभार मानत होते. बोलता बोलता ते त्या जागी आले.

"आता माझ्या जावयाबद्दल सांगायचं, तर..."

सगळ्यांनी सवयीने खर्र्ची वाट पाहिली. पण खर्र् आलंच नाही! चरे टूथपेस्टने साफ झाले होते.

"...तर माणूस सोन्यासारखा आहे. मुलगी त्याच्या हाती मी निर्धास्त सोपवतोय." जावईबापूंचे डोळे उघडले. छाती फुगली. "पण मंडळी, हात जोडून एक विनंती. मुलीशिवाय दुसरं काहीही त्याच्या हाती देऊ नका! परवा त्याने आमचा पंखा दुरुस्त केला, तेव्हापासून मी पुठ्ठ्याने वारा घेतोय!"

डिस्कवर टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग बायकोच्या तोंडून एक विचित्र आवाज फुटला. आधी वाटलं, हुंदका. पण ती हसत होती! डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पोट धरून हसत होती, वर्षात पहिल्यांदा. सासूबाई हसल्या. मेहुणा तर भिंतीला टेकून खाली बसला.

"पुन्हा लाव गं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ते पंख्याचं पुन्हा लाव."

"मी लावतो!" जावईबापू लगबगीने प्लेअरकडे धावले.

"तुम्ही नको!" तिघं एकदम ओरडली.

जावईबापूंनी हात मागे घेतला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. बोटांना अजून पुदिन्याचा वास येत होता.