मल्लप्पा शिंप्याच्या नावा

गावात कुठलीही बेवारस वस्तू सापडली की मल्लप्पा शिंपी ती आपलीच आहे असं सांगायचे. त्यांना लबाड म्हणायची सोय नव्हती, कारण त्या वस्तूचा फायदा त्यांनी कधी घेतला नाही. एस.टी.त कुणाची तरी राहिलेली छत्री त्यांच्या दुकानात खुंटीला टांगलेली असायची आणि मल्लप्पा पावसात भिजत घरी जायचे. विचारलं तर म्हणायचे, "धनी आला म्हंजे?"

मंद्रूपच्या पलीकडे, भीमेकाठच्या त्या गावी मी ग्रामसेवक होतो. नदीपल्याड कर्नाटक, त्यामुळे मल्लप्पांचं अर्धं बोलणं कानडी. "नम्द री," म्हणजे 'आमचंच हाय ओ', हे त्यांचं पालुपद. एकदा एक मोकाट कुत्रं तलाठ्याला चावलं. फाटका पायजमा सावरत तलाठी गावभर विचारत सुटला, कुणाचं कुत्रं? मल्लप्पांनी मशीनवरून मान वर केली. "नम्द री." मग तलाठ्याला नवा पायजमा शिवून द्यावा लागला. पुढं ते कुत्रं मल्लप्पांनाही चावलं.

मी येण्याआधी, बहात्तरच्या दुष्काळात, घाटावर कुणी अनोळखी म्हातारा मरून पडला होता म्हणे. पोलीसपाटलानं नातेवाईक कोण विचारलं, तेव्हाही मल्लप्पाच पुढं झाले. त्याला माती दिली, दुकान बंद ठेवलं. गाव हसलं.

त्याच दुष्काळात नदी आटली आणि घाटावरचे नावाडी, सगळी कोळ्यांची घरं, जगायला म्हणून मुंबईकडे गेली. पुढं पाऊस झाला, नदीवर पूल झाला, माणसं काही परतली नाहीत. त्यांच्या तीन नावा गाळात कलंडून पडल्या होत्या. पुरात वाहून पुलाला धडकतील म्हणून त्या हलवायचा हुकूम पंचायत समितीकडून आला. मी दवंडी पिटवली. ओव्हरसिअर साहेब घाटावर आले.

"कुणाच्या नावा ह्या?"

"नम्द री," गर्दीतून आवाज आला.

साहेबांनी मल्लप्पांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. "तुम्ही तर शिंपी दिसता."

"शिंप्यानं नाव ठेवू न्हाय का?"

"तिन्ही तुमच्या?"

"व्हय. जरा उसवल्यात."

लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, "पुढच्या बाजारापर्यंत वर ओढून घ्या. नाहीतर फोडून नेऊ."

मल्लप्पांनी मिनतवारीनं कुणाची तरी बैलं आणली. पहिली नाव ओढली. उन्हानं फळ्या खिळखिळ्या झालेल्या. पुढचा अर्धा भाग बैलांबरोबर काठावर आला, मागचा गाळातच राहिला. बैलवाला पोट धरून हसत होता. मल्लप्पा गुडघाभर गाळात उभे राहून एक सुटलेली फळी दोन्ही हातांनी जागेवर दाबत होते. ती काही बसत नव्हती.

मी हात देऊन त्यांना बाहेर काढलं. "सोडा आता, मल्लप्पा. कोळी काही परत येत नाहीत."

"हितं त्येंचं काय तरी असलं तर येतील की, भाऊसाहेब. घरं पडली. नाव बी न्हाय म्हटल्यावर माणूस कशाला येतंय?" पायाचा गाळ निपटत म्हणाले, "आमचा शिवा हणमंताबरुबरच गेलाय."

हणमंता कोळी म्हणजे मधल्या नावेचा मालक. शिवा मल्लप्पांचा एकुलता एक मुलगा. गेल्यापासून कुणाचाच निरोप नव्हता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी समितीची माणसं पहारी घेऊन आली. लाकूड वीटभट्टीवाल्यानं नेलं. मल्लप्पा घाटाकडे फिरकले नाहीत. दुकानात मशीन चालवत बसले होते. सुईत दोरा नव्हता.

दिवाळीनंतर हणमंता आला. एकटाच, वाळलेला. घाटावर जाऊन उभा राहिला, नाव कुठं गेली असं विचारलंसुद्धा नाही. मल्लप्पांनी त्याला घरी जेवायला नेलं, मलाही बोलावलं. भाकरी खाताना दोघं पाऊसपाण्याचं बोलले, पुलाचं बोलले. दुपारच्या एस.टी.नं हणमंता परत गेला. मल्लप्पा त्याला स्टँडवर सोडून आले.

"शिवाचं काय म्हणाला?" मी विचारलं.

"इचारलं न्हाय."

"का?"

दुकानाच्या फळ्या ते एकेक करून लावू लागले, भरदुपारी.

"बरं असतं, तर घाटावरनंच वरडत आला असता की, भाऊसाहेब."