तात्यांच्या डोक्यातलं घर

ज्ञानूतात्यांना काही विचारलं की ते आधी डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थांबा, आत्ता कुठं दारातनं आत शिरतोय."

मी तेव्हा कळस गावच्या शाळेत नवा मास्तर होतो. तात्या दर बाजाराला बैलगाडी जुंपून इंदापूरला जायचे आणि निम्म्या गावाचं सामान आणायचे. अक्षरओळख शून्य. यादी लिहून दिली तर ती तंबाखू गुंडाळायला उपयोगी पडे. सांगितलेली प्रत्येक वस्तू ते मनातल्या मनात आपल्या घरात ठेवत आणि बाजारात डोळे मिटून घरभर हिंडून येत.

"मास्तर, तुमची तांबडी शाई गाईच्या पाठीवर सांडलीया," ते मला म्हणाले. "आता इसरायची सोय न्हाय."

मधेच कुणी बोललं तर पंचाईत. पुन्हा अंगणापासून सुरुवात! एकदा पाटलीणबाईंना कळलं, की आपलं नवं लुगडं तात्यांनी गव्हाणीत ठेवलं होतं. लुगडं अगदी हवं तसं आलं होतं, तरी बाई रुसल्या. पुढच्या बाजारी तात्यांनी त्यांच्या बांगड्या देव्हाऱ्यात ठेवल्या, तेव्हा कुठं राग निवळला.

मीही हा प्रयोग केला. माझ्या खोलीत एकच खाट. सगळं सामान तिच्यावरच ठेवावं लागलं. इंदापूर येईपर्यंत त्या मनातल्या खाटेवर मीच आडवा झालो आणि मीठ आणायचं राहिलं.

पुढं तात्यांच्या मुलानं, बबननं, पक्कं घर बांधायचं काढलं. ऊस चांगला झाला होता, विटा येऊन पडल्या होत्या. तात्या मात्र ऐकेनात. "हे घर हलायचं न्हाय," एवढंच म्हणत. बाप-लेकाचं बोलणं बंद झालं. शेवटी बबन माझ्याकडे आला. "मास्तर, तुमी समजावा. तुमचं ऐकत्याल."

मी गेलो आणि थट्टेनं म्हणालो, "तात्या, घर पाडलं तर गावाचा बाजार ठेवायला जागा उरणार नाही, हीच भीती ना?"

तात्या खो खो हसले. "त्येचं काय, मास्तर! बाजार मी तुमच्या शाळंत मांडीन. पाटलीणबाईस्नी फळ्याखाली बसवीन."

मग त्यांनी आवाज खाली आणला आणि आत बोट दाखवलं. चुलीपुढं कासाबाई, त्यांची बायको, भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, न चाचपता काठवटीकडे वळली, फळीवरचा डबा काढला.

"तिला दिसत न्हाय," तात्या म्हणाले. "चार वरसं झाली."

मी थक्क झालो. या घरात मी कितीदा चहा प्यायलो होतो. बाई बाहेर येत नाही, मान वर करत नाही, म्हणजे लाजाळू असेल, एवढंच मला वाटलं होतं.

"हितं तिला कुनाला काय इचारावं लागत न्हाय. नव्या घरात ती पाव्हनी व्हईल, मास्तर. पानीसुदीक मागून प्यावं लागंल. पोराला वाटतं, आईला कुठंबी जमंल."

"मग तिच्या पावलांच्या मापानंच नवं घर बांधलं तर?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोकळ्या जागेत गवंड्यानं पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या. तात्यांनी उपरण्यानं डोळे बांधले आणि मनातल्या जुन्या घरात शिरून ते रेघांमधून चालू लागले. "चूल हितं न्हाय. आनी एक पाऊल अलीकडं. हात म्होरं केला की फळी लागाय पायजे." गवंडी कावला, "तात्या, मी घर बांधतोय का तुमाला भोवरा खेळवतोय?" तीनदा रेघा पुसल्या. तिसऱ्यांदा बबननं स्वतः फक्की हातात घेतली आणि बापाच्या पावलामागं रेघ ओढत गेला. दोघं त्या दिवशी पुन्हा बोलायला लागले.

घर उभं राहिलं. गृहप्रवेशाला गाव जमलं. कासाबाई दारात आली. तात्यांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. ती उंबरा ओलांडून आत गेली, डावीकडे वळली, चुलीपुढं बसली. हात लांबवून तिनं फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं.

बाहेर सगळे गप्प. तात्या उंबऱ्यावरच बसले.

"अवं," आतून हाक आली, "चुन्याचा लई वास येतोय. आनि मानसं अशी गप का? आत बोलवा की समद्यास्नी, चहा ठेवते."