अण्णांच्या ओट्यावरची अमेरिका

"एक माणूस! आख्ख्या नसरापुरात मोगल व्हायला एक माणूस मिळंना व्हय?"

दत्तूअण्णा ओट्यावरून असे ओरडले, की समोरून चाललेल्या वेल्ह्याच्या एसटीने करकचून ब्रेक मारला आणि निम्मे प्रवासी आपलं गाव आलं समजून खाली उतरले. शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलं. मी काही उगाच दहापट वाढवून सांगणारा माणूस नाही. माझं पाचपटीत भागतं.

ओट्यावर दोन पिंपांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं होतं. त्यावर पोत्यांचे आणि प्लॅस्टरचे डोंगर, आणि डोंगरांवर करंगळीएवढे सैनिक. अण्णा एसटीच्या वर्कशॉपात वेल्डर होते. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कथील वितळवून सैनिक ओतायला बसले. दिवाळीच्या किल्ल्यांसाठी लोक त्यांच्याकडून मावळे नेत. पण अण्णांना मावळे नुसते मांडायचे नव्हते, लढवायचे होते. नियमही त्यांचेच. पायदळाची चाल चार बोटं, घोड्याची एक वीत, गोळी लागली की नाही ते फासा सांगणार. वीत कुणाची यावरून भांडण नको म्हणून खिशात स्टीलची पट्टी. वाद निघाला की ती बाहेर यायची. "माजं ऐकू नका. पट्टी काय म्हंती ते बगा." काकू होत्या तोवर त्यांच्या भाकरीलाही पट्टी लागायची. काकूंनी एकदा तीच पट्टी उलट्या बाजूने वापरली, तेव्हा कुठे भाकरी सुटली.

अडचण एकच होती. समोर बसायला माणूस हवा, आणि मावळा व्हायला सगळे तयार, मोगल व्हायला कुणीच नाही. सलूनवाला बबन म्हणाला, "अण्णा, सासऱ्यानं मला त्या बाजूला बसल्यालं बगितलं तर बायकूला माघारी न्हेईल."

मग अण्णा एकटेच खेळत. इकडची चाल करायची, उठायचं, दाराला वळसा घालून तिकडच्या स्टुलावर बसायचं, तिकडची चाल करायची. एका लढाईत साताऱ्याला पायी जाऊन येण्याइतकं चालणं होई. चहा दोन कप मांडत आणि दोन्ही स्वतःच संपवत.

एके दिवशी ते मोबाईल नाचवत दुकानात शिरले. परदेशात असे सैनिक ओतणारे लोक दरवर्षी एक नवी लढाई काढतात, असं त्यांना त्यात सापडलं होतं.

"अमेरिका काढ," अण्णा म्हणाले.

"केवढी काढू?"

"चेष्टा नगं. दीडशे वर्षांमागची लढाई. निळ्या डगल्याची पलटण आन् तितली मूळची माणसं. लांबचं भांडान हाय. त्यात कुणाचा सासरा न्हाई."

चाळीस पानं छापून दिली. पुढे तीन महिने अण्णांच्या घरातून असा धूर निघत होता, की हायवेवरच्या गाड्या दिवसा दिवे लावून जात. तिकडचा रानरेडा करायला त्यांनी शेजारच्या म्हशीचं माप घेतलं. तिला वशिंड नाही म्हणून पाठीवर पोतं बांधलं. म्हैस दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी पोतं सोडू देईना. मी सहज "रेड इंडियन" म्हणालो तर अण्णा खवळले. "नाव हाय त्यांना. लाकोटा. तुला कुणी नुसतं 'ए डोंगरातल्या' म्हणून हाक मारली तर?"

पलटणीचा किल्ला मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. चित्रात तो सपाट माळावर होता, नुसत्या लाकडांचा. "माळावर किल्ला? ह्यांचा इंजिनियर कुनी भरती केला?" शेवटी अण्णांनी अमेरिकेला एक डोंगर दिला, किल्ला वर चढवला, पाण्याची दोन टाकी खोदली आणि मागे चोरदरवाजा काढला.

पहिल्या दिवशी नऊजण जमले. अण्णांनी समजावलं, "हे निळे. ह्यांना नदीकाठची जमीन पायजे. ही त्या जमिनीवरची माणसं. बोला, कोन कुठं?"

नऊच्या नऊ माणसं लाकोटांच्या बाजूला सरकली. दार कलंडलं.

"अण्णा, डोंगर त्यांचा, नदी त्यांची, आन् दुसराच यिऊन म्हंतो उठा," बबन म्हणाला. "हे आपलेच की वो!"

"आरं, पन निळा कोन?"

निळा कुणीच नव्हता. अर्धा तास हुज्जत घालून एकेकजण कामाला निघून गेला.

राहिले किसनमामा. मामा गुंजवण्याकडचे. शेत धरणात गेलं, तेव्हापासून इथे राहतात. माझ्याकडे कागद घेऊन येत आणि "दोन प्रती" एवढंच बोलत. त्या दिवशीही प्रतींसाठीच आले होते. ते गुपचूप लाकोटांच्या बाजूच्या स्टुलावर बसले.

"म्या ह्यांच्याकडनं."

अण्णांनी निळ्या पलटणीकडे पाहिलं. ते समोरच्या स्टुलावर जाऊन बसले. "बरं. मी निळा."

रोज दुपारी चारला लढाई. मामांनी पहिल्याच चालीत सगळे तंबू उचलले. "काठाला नगं. वर घ्या. आन् ह्यात बायाबापड्या कुठं हायेत?"

"मामा, नियमात बायामाणसं न्हाईत."

"मग घाला."

दुसऱ्या दिवशी दारावर गाठोडी घेतलेल्या बाया होत्या, दोन म्हातारे होते, एक कुत्रं होतं. चौथ्या दिवशी मामा ओरडले, "या की फुडं, निळं!" तेव्हा माझ्या हातून कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या अकरा प्रती जादा निघाल्या.

नवव्या दिवशी पलटण हरली. मामांनी त्या चिमुकल्या माणसांना पुन्हा काठावर आणून ठेवलं, एकेक करून. मग समोरचा चहा उचलला आणि विचारलं, "अण्णा, खऱ्या लढाईत काय झालं हो? ऱ्हायली का त्यांची जमीन?"

मी दुकानाच्या दारात उभा होतो. शेवटची दहा पानं मला आठवत होती. त्या लोकांना उठवून भलत्याच माळावर नेऊन बसवलं, हेच त्यांत होतं, आणि अण्णांनी त्यातल्या ओळीन् ओळीखाली पेनाने रेघ मारलेली मी पाहिली होती.

अण्णा घोडे डब्यात ठेवत होते.

"तितवर वाचलं न्हाई अजून," ते म्हणाले. "उद्या चारला या."