पेंडसे सरांचं प्रमेय सुटतं

पेंडसे सर माणसं चलांवर मोजतात. चल म्हणजे गणितातले क्ष, य वगैरे. आमच्या बनी पार्कातल्या बिल्डिंगचे सेक्रेटरी शर्माजी 'एका चलाचा माणूस', कारण पाण्याची टाकी सोडून त्यांना दुसरा विषय नाही. माझी बायको 'किमान तीन'. बँकेच्या बदलीवर मी जयपूरला आलो, तेव्हा सरांनी जिन्यातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमचं अजून ठरायचंय."

सर कॉलेजातून निवृत्त झाले, गणितातून नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात आणि जिन्यात सापडेल त्याला आपलं प्रमेय समजावतात.

"अवघड फलन असेल ना, तर त्याच्या जागी साधा अपूर्णांक ठेवायचा. एक बहुपदी वर, एक खाली. तो सुधारत नेला की मूळ फलनाच्या जवळ जात राहतो का, एवढाच प्रश्न."

"जातो ना?" मी सुटकेच्या आशेने विचारलं. हातात भाजीची पिशवी होती.

"आणि खालची बहुपदी शून्य झाली की? एका चलात तो नुसता खड्डा. वळसा घालून जाल. दोन चलांत अख्खा रस्ता आडवा खणलेला असतो! मग?"

पाठीमागे उभ्या शर्माजींनी एवढंच ऐकलं आणि विचारलं, "कौनसा रोड?"

हे खणलेले भाग शेवटी नगण्य होत जातात, चलं कितीही असोत, हे सरांना सिद्ध करायचं होतं. त्यात वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते मफलर न गुंडाळताच खाली आले. "सुटलं," एवढंच म्हणाले.

काय सुटलं ते शर्माजींना कळलं नाही. "मतलब हो गया ना? बधाई हो!" म्हणत त्यांनी रविवारी गच्चीवर सत्कारच ठरवला. शाल, हार, मावा कचोरी. मराठी मंडळीही झाडून आली. गळ्यात हार पडल्यावर सर माइकपुढे उभे राहिले.

"आज सकाळी पुन्हा तपासलं. दोन चलांपर्यंत ठीक आहे. तिसरं आलं की सिद्धता कोसळते. मैं गलत था."

मग शर्माजींनी कडाडून टाळ्या वाजवल्या, त्यामुळे सगळ्यांनीच वाजवल्या. कचोऱ्या गरम होत्या.

संध्याकाळी मी सांत्वनाचा चेहरा करून वर गेलो. सर चक्क शीळ घालत चहा टाकत होते.

"वाईट झालं, सर."

"कसलं वाईट? बसा." त्यांनी दुसरा कप शोधून विसळला. "ही गेली तेव्हा हाताशी प्रमेय होतं, म्हणून निभावलं. ते सुटलं त्या दिवशी खुर्चीत टेकलो, आणि घरात कोणी नाही हे पहिल्यांदा कळलं. सकाळी उठून करायचं काय? आज चूक सापडली आणि खरं सांगतो, मी देवापुढे दिवा लावला. इतक्या वर्षांत लावला नव्हता."

त्यांनी टेबलावरचे कोरे कागद सारखे केले आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"तीन चलांपासून सुरुवात करू. वेळ आहे ना तुम्हाला?"

खाली आमच्याकडे पाहुणे जेवायला येऊन बसले होते.

"भरपूर," मी म्हणालो.