बुटांची साक्ष

मन्मथअप्पा दुकानाला कुलूप लावतात, तीनदा ओढून पाहतात आणि मग मला हाक मारतात. "सर, तुमीबी एकदा ओढा. माझ्या हाताचा भरवसा न्हाई." मी ओढतो. लगेच त्यांच्या कपाळावर आठी. "एवढ्या जोरात कामून ओढलं?"

लातुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. खाली त्यांचं हार्डवेअरचं दुकान, वर घर. वीस वर्षांत या माणसानं कशावर विश्वास ठेवलेला मी पाहिलेला नाही. कलिंगड कापून दाखवलं, तर आतला लाल रंग बोट लावून तपासतात. कुणी नुसतं "बरं हाय का?" विचारलं, तरी याला काय पाहिजे म्हणून दिवसभर विचार करतात. "कायतरी गडबड हाय," हे वाक्य तोंडातून निघाल्याशिवाय त्यांना चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

असा माणूस नागपंचमीनंतर रोज दुपारी दुकान बंद करून वर जाऊ लागला, तेव्हा संशय घ्यायची पाळी माझ्यावर आली. वरून टुणटुण आवाज यायचे, मग धडाम, मग अप्पांची आरोळी, "मेलो!" चार दिवस मी कान देऊन ऐकलं. पाचव्या दिवशी साखर मागायच्या निमित्तानं जिना चढलो.

जुना पेटीसारखा टीव्ही, त्याला लहानपणीचा कॅसेटचा गेम जोडलेला. ॲडॉप्टर तापतो म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे वळवलेला आणि अप्पा स्वतः घामानं निथळत मांडी घालून बसलेले.

"दार लावा आधी," ते म्हणाले. "मागं कुणी आलं न्हाई ना?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अप्पा अकरा वर्षांचे असताना हा गेम घरात आला. मोठी बहीण गंगाक्का आणि ते मिळून खेळायचे. शेवटचा राक्षस काही मरत नव्हता. एक दिवस अप्पा शाळेतून आले, तर अक्का म्हणाली, "मारला मी. शेवटी राजवाडा न्हाई, बक्षीस न्हाई. तो शिपाई झाडाखाली बसतो आन् बूट काढतो."

"तुमीच सांगा सर, एवढा राक्षस मारून कुणी बूट काढत असतंय का?"

तेव्हा अकरा वर्षांच्या अप्पांनी फर्मावलं, गळ्यातलं इष्टलिंग हातात धर आणि शपथ घे. अक्का म्हणाली, "खेळण्यापायी लिंगाची शपथ घेत नसतेत." झालं! शपथ घेतली नाही म्हणजे खोटं बोलली. अक्का लग्न होऊन धर्माबादला गेली, तिला सून आली, तरी दर पंचमीला ती माहेरी आली की अप्पांचा प्रश्न ठरलेला, "बूट काढले का खरंच?" गेल्या वर्षी त्यांनी तो तिच्या सुनेसमोर विचारला. वर "अक्का लहानपणापासून अशीच," हेही जोडलं. यंदा पंचमीला अक्का आली नाही. फोनही उचलत नाही.

"मग माफी मागा की," मी म्हणालो.

"आन् ती खोटं बोलली असल तर?"

पुढचे पंधरा दिवस हेच चाललं. राक्षसापाशी पोचले की नेमकी लाईट जायची आणि अप्पा खिडकीतून विजेच्या डीपीकडे बघत म्हणायचे, "ह्यांना कुणी सांगितलं?" मीही रोज जाऊन बसू लागलो. खोटं कशाला बोलू, मलाही त्या बुटांचं वेड लागलं होतं.

रविवारी दुपारी राक्षस पडला. पडद्यावर एक झाड आलं. शिपाई चालत आला, खाली बसला. त्यानं एक बूट काढला. मग दुसरा. आणि पाय पसरून नुसता बसून राहिला.

मी "गडबड हाय" ऐकायच्या तयारीत होतो. पण अप्पांनी माझा मोबाईल मागून घेतला आणि धर्माबादला लावला.

"अक्का, मी मन्मथ. ठेवू नको. बूट काढले गं त्यानं."

पलीकडून संशयी आवाज आला, "आधी कोणता काढला?"

"डावा."

"घे शपथ."

शेवटी बहीण कुणाची! मला हसू आलं, पण अप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडे गेला होता. "घेतो अक्का. तू खरी होतीस. मीच..."

"ऱ्हाऊ दे," ती घाईनं म्हणाली. "खेळण्यापायी शपथ घेत नसतेत, येड्या. ते घेऊन ये हिकडं. माझा रिमोट हाय का अजून?"

होता. प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून, इतकी वर्षं कपाटात ठेवलेला. एवढा संशय घेणाऱ्या माणसानं तो इतक्या मायेनं जपला असेल, असं मला वाटलं नव्हतं.

अर्ध्या तासात अप्पा गेम पिशवीत घालून, धर्माबादला जायला नांदेडच्या बसला धावले. घाईत कुलूप नुसतं दाबलं, एकदाही ओढलं नाही. ते वळणाआड गेल्यावर मी जाऊन तीनदा ओढून पाहिलं.