वसुंधराताईंचे घेणेकरी

नवरा जन्मात पहिल्यांदा वकिलाकडे निघालाय, रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून सत्यनारायणाच्या शिऱ्याचा डबा घेऊन वसुंधराताईही निघाल्या. (शांतारामराव "तू नको" म्हणाले होते. पण प्रसादाला नको कसं म्हणणार?)

निवृत्तीनंतर शांतारामरावांनी कामणला गाळा घेऊन केळ्याच्या वेफर्सचं मशीन बसवलं होतं. गिरीजच्या वाडीतली केळी घरची, अक्कलही घरचीच. वेफर्स मऊ पडले, कर्ज तेवढं कडक राहिलं. आता बँक, पतसंस्था आणि मेहुणा असे तिघे मागे लागले होते, आणि सासऱ्यांनी लावलेली वाडी राहते की जाते, एवढाच प्रश्न उरला होता.

वकील सँड्रा वाडीच्या शेजारचीच. शिऱ्याचा घास घेत तिने नादारीचे प्रकार सांगितले.

"काका, एक म्हणजे तुम्ही आपणहून कोर्टात जाऊन सांगायचं, माझ्याच्याने फिटत नाही. दुसरं, घेणेकरीच कोर्टात जातात, हा फेडत नाही म्हणून. दोन्हींत कोर्टाचा माणूस मालमत्ता विकून सगळ्यांना वाटतो."

"आणि वाडी?" वसुंधराताईंनी विचारलं.

"जाते. भांडी, अंथरुणं, मंगळसूत्र राहतं. तिसरी वाट तडजोडीची. सगळ्यांना बसवून हप्ते ठरवायचे. पण त्याला आधी हातात काही रक्कम हवी. आणि एक सांगते, घेणेकरी लपवायचा नाही. एकाला गुपचूप देऊन बाकीच्यांना लटकवलं, तर कोर्ट ते दिलेलं परत मागू शकतं."

वसुंधराताईंचा चेहरा उतरला.

"मग जीवदानी आईकडून साडी परत आणणार?"

"साडी? कुठली साडी?" शांतारामराव ताठ बसले.

"नवसाची. मी तिघींना बोलले होते. जीवदानीला साडी, वज्रेश्वरीला एकावन्न नारळ, रमेदीच्या चर्चमधल्या माउलीला तुमच्या उंचीची मेणबत्ती. साडी तेवढी देऊन टाकली."

"काम व्हायच्या आधीच?"

"सेल लागला होता."

"आणि माझ्या उंचीची मेणबत्ती? अगं, मी सहा फूट आहे!"

"बसलेल्या उंचीची बोलले हो. मला काय कळत नाही का?"

सँड्राने चमचा खाली ठेवला. "काकी, देव घेणेकऱ्यांत धरत नाहीत. ते काही कोर्टात जात नाहीत."

"जात नसतील. पण विसरतही नाहीत."

"बरं, नवस कशासाठी?"

"मशीन विकलं जाऊ दे म्हणून."

"मशीन विकायचंय?" सँड्रा उडालीच. "मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

लोक काय म्हणतील म्हणून शांतारामरावांनी कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. मशीन विकायचंय ही बातमी अख्ख्या तालुक्यात फक्त तीन देवींना होती. (आणि त्यांतली एकही वेफर्स तळत नाही.)

सँड्राने तिथूनच सांडोरच्या मामाला, आग्नेलला, फोन लावला. त्याचा वेफर्सचा धंदा जोरात होता. संध्याकाळी त्याने मशीन पाहिलं आणि आठवड्यात टेम्पोतून नेलं. ती रक्कम पुढे ठेवल्यावर बँकेने मुदत वाढवली, पतसंस्थेने व्याज कमी केलं, आणि मेहुणा थोडं रुसून का होईना, हप्त्याला तयार झाला. वाडी राहिली.

वसुंधराताईंनी केळ्यांचा घड घेऊन सँड्राचं घर गाठलं. शांतारामराव मागून आलेच. वसुंधराताई म्हणाल्या, "पोरी, तुझ्यासाठी काय करू सांग. नवस बोलू?"

"बोला की, काकी. एका पक्षकाराकडे माझी फी अडकलीये. तेवढी सुटली तर बरं होईल."

वसुंधराताईंनी तिथेच डोळे मिटले, हात जोडले. "आई, त्या मेल्याला सद्बुद्धी दे. महिन्याच्या आत सँड्राची पैन्‌पै त्याच्याकडून वसूल कर. पाच सोमवार निर्जळी करीन."

डोळे उघडले तर शांतारामराव खाली मान घालून खिसे चाचपत होते.

"अगं," ते म्हणाले, "तो मेला मीच."