सातवीच्या मुलखांत ‘येते’ या शब्दावरून जाहलेल्या कलहाची हकीकत

श्री. प्रथम नमन ऐकणाऱ्यांस, मागाहून बोलणाऱ्यांस. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं एका राज्यांत जें वर्तलें तें दोन मुखांनीं पडताळून लिहिलें असे. राज्याचें नांव लिहिण्याची परवानगी नाहीं. राज्य म्हणजे तीन मजल्यांची शाळा, आणि आमचा मजकूर सातवीच्या मुलखाचा, जेथें अडतीस मुलें बसत आणि अडतीसही एकाच वेळीं बोलत.

तेथें मराठीच्या रोहिणीबाई खानविलकर दर बुधवारीं चौथ्या तासास एक जुनी, पिवळ्या पानांची कादंबरी वाचवून घेत. कादंबरींत नावाड्याची कन्या शिकावयास परगांवीं निघते, आणि उंबऱ्यावर आईस ‘येते’ म्हणते, आणि कथा तेथेंच संपते. तों रेवती ढमाले उठून बोलली कीं ‘येते’ म्हणाली म्हणजे परत येणार. आणि इरफान मणेर बोलला कीं येणार नाहीं. आणि मग खिडकीकडील बाकें रेवतीस मिळालीं आणि दाराकडील इरफानास, आणि ऐसा गलबला उठला कीं तळमजल्यावर मुख्याध्यापक भास्करराव वाघोलीकर यांचे हातून चहा सांडला. स्वारी वर आली आणि आज्ञा जाहली कीं एक बुधवार देतों, सुधारणा न दिसल्यास हा तास गणितास जाईल. बाईंनीं सात वर्षें भांडून हा तास मिळविला होता.

मग बाईंनीं कायदा केला, कीं बोलणाऱ्यानें आधीं मागच्याचें म्हणणें सांगावें, आणि मागच्यानें मान्य केल्याविना आपलें मत काढूं नये. मुलें पाठांतरांत तरबेज. इरफान बोलला, आणि रेवतीनें त्याचें वाक्य काना-मात्रेसह म्हणून दाखविलें, आणि मध्यें त्यास शिंक आली होती तीही दिली. इरफानानें शिंकेसह मान्यता दिली. बाईंनीं अर्थ पुसला, तेव्हां रेवती खालीं पाहून म्हणाली, “अर्थ नाही माहीत, बाई. मी पाठ करत होते.” तेव्हां कायदा दुरुस्त जाहला: शब्द आपले, म्हणणें त्याचें. आणि मग चार दिवस मुलें डब्याच्या सुटींतही एकमेकांस “म्हणजे तुला असं वाटतं का” ऐसें पुसत हिंडलीं, आणि शिपाईमामा हैराण जाहले.

बुधवार उजाडला. मुख्याध्यापक मागल्या बाकावर गणिताचें वेळापत्रक घेऊन विराजमान जाहले. रेवतीनें इरफानास कारण पुसलें. आजवर कोणी पुसलें नव्हतें, सबब तो उठून उभा राहिला आणि बोलला, “ती ‘येते’ म्हणाली ते आईसाठी. आईला वाट बघायला काहीतरी हवं ना.”

मुख्याध्यापकांस राहवेना. ते बोलले कीं निघतांना ‘येते’ म्हणावयाची रीतच आहे, त्यांत अर्थ कसला काढतां. रेवती उभी राहिली आणि अदबीनें म्हणाली, “सर, आधी इरफान काय म्हणाला ते सांगा. मग तुमचं.”

बाईंनीं डोळे मिटले. मुख्याध्यापकांनीं चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “तो म्हणाला, मुलगी आईशी खोटं बोलली.”

“नाही, सर,” इरफान म्हणाला.

मग त्यांनीं सांगितलें कीं मुलीस आईची दया आली. तेंही नामंजूर जाहलें, आणि मागून कोणी हळूच सुचविलें कीं सरांनीं घाई करूं नये. तिसऱ्या खेपेस ते वेळापत्रक बाकावर ठेवून म्हणाले, “जाताना तिनं दार उघडं ठेवलं. स्वतःसाठी नाही, आईसाठी.”

“हो सर,” इरफान म्हणाला, “माझ्यापेक्षा बरं सांगितलंत.”

अडतीस जणांनीं बाकें वाजविलीं, बाईंनींही टेबल वाजविलें. तों घंटा जाहली. मुख्याध्यापक उठले आणि किंचित रागानें म्हणाले, “माझं मत राहिलंच. बाई, पुढच्या बुधवारी पहिली पाळी माझी,” आणि वेळापत्रकाची घडी खिशांत घालून चालते जाहले.

सारांश: लढाई आठ दिवस चालली, जखमी कोणी नाहीं, कन्या परत आली किंवा कसें, याचा निकाल अद्याप नाहीं, बुधवारचा चौथा तास मराठीकडे कायम. बहुत काय लिहिणें, ऐकणें.